घड्याळ आधी की पोहणे?

पुढच्या पालक सभेच्या विषयपत्रिकेवर एक सूचना आली आहे. सहावी ते नववीच्या मुलांना पावले आणि नाडी मोजणारे मनगटी पट्टे सवलतीच्या दरात मिळवून द्यावेत आणि शारीरिक शिक्षणाचे काही गुण त्या आकड्यांवरून द्यावेत, अशी ती सूचना आहे. सुचवणाऱ्या पालकांचा हेतू चांगलाच आहे. शिकवणी आणि मोबाइल यांच्यामध्ये मुलांचे मैदान हरवले आहे, हे कोण नाकारेल? तरीही या सूचनेला माझा विरोध आहे. मी या शाळेचा माजी विद्यार्थी, आता पालक. गेली सहा वर्षे ट्रायथलॉनचा सराव करतो आणि तसले घड्याळ रोज हातावर बांधतो. तेव्हा हा विरोध यंत्र न वापरलेल्या माणसाचा आहे, असे कृपया समजू नये.

विद्यार्थी मित्रांनो, ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि तिन्ही सलग. मध्ये घड्याळ थांबत नाही. कपडे बदलायला लागलेला वेळसुद्धा मोजतात. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. त्यात १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. ‘आयर्नमॅन’ त्याहून फार मोठी. तिचे अंतर अनुक्रमे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर. १९७८ साली हवाईत ती पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटे लागली. मनगटावर नाडी दाखवणारे यंत्र त्या काळी कोणाकडेच नव्हते.

आपल्याकडे हे वारे उशिरा आले. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. त्यांनी ही शर्यत वीसहून अधिक वेळा पूर्ण केली आणि अनेकांना तयार केले. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला ती पूर्ण केली, तेव्हा घरोघरी हे नाव पोहोचले. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला निम्म्या अंतराची शर्यत झाली आणि कोल्हापूर, पुणे, नाशिक, सुरत इथल्या माणसांना विमानाच्या तिकिटाशिवाय हे स्वप्न पाहता येऊ लागले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतातर्फे या खेळात उतरलेल्या दोन मुली होत्या अहमदाबादची प्रज्ञा मोहन आणि पुण्याची संजना जोशी. म्हणजे आपल्या दोन्ही घरच्या!

आता सरावाचे सांगतो. पहिले तीन महिने फार आनंदाचे असतात. आज दोन किलोमीटर धावलो, पंधरा दिवसांनी चार. डुमस रोडवर पहाटे गार वारा असतो, धावून झाल्यावर लोचो अधिकच गोड लागतो. मग एक दिवस प्रगती थांबते. पोटरी धरते, कामावर रात्रपाळी लागते, घरात लग्न निघते. दोन आठवडे बुडाले की वाटते, सगळे धुऊन गेले. ते तसे जात नसते, पण हे कळायला दोन-तीन वर्षे जावी लागतात.

यात घड्याळ काय करते? बरेच काही करते, पण ते नेमके काय मोजते हे आधी समजून घ्यावे. मनगटाखाली जो हिरवा प्रकाश लुकलुकतो तो रक्तात शोषला जातो. ठोक्याबरोबर रक्त कमी-जास्त होते तसा परतणारा प्रकाशही कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी काढतात. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलला की आकडा बिघडतो. पाण्यात उपग्रहाचा संदेश शिरत नाही, म्हणून तलावाची लांबी आपण आधी घड्याळाला सांगायची आणि हाताच्या हालचालीवरून ते फेऱ्या मोजणार. फळी धरून नुसते पाय मारले तर त्याच्या हिशेबी बहुधा तुम्ही पोहलाच नाहीत. तुमची कमाल नाडी २२० उणे वय, हे सूत्रही १९७० च्या सुमारास काढलेला ढोबळ अंदाज आहे. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

सगळ्यात मजा मे महिन्यात येते. सुरतच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते म्हणून त्याच वेगाला नाडी जानेवारीपेक्षा बरीच वर जाते. घड्याळ बापडे एवढेच पाहते की वेग तोच आणि नाडी जास्त. मग ते जाहीर करते की तुमचा सराव ‘अनप्रॉडक्टिव्ह’ आहे! पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल? आमच्या गटात एका गृहस्थांनी या एका शब्दावर चिडून भर उन्हात सराव दुप्पट केला आणि चौथ्या दिवशी सलाइनवर गेले. त्याच घड्याळाची रात्रीची नाडी त्यांनी पाहिली असती तर ती दोन दिवस चढलेली दिसली असती. शरीर थकल्याची किंवा ताप येऊ घातल्याची ही खूण मला फार उपयोगी पडते. पण ते चाळिशीच्या माणसाचे शहाणपण झाले. बारा वर्षांच्या मुलाने नाडीचे आलेख कशाला पाहायचे?

दहा हजार पावलांचेही तसेच. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ ठेवले. आकडा जाहिरातीचा, पुढे तो वैद्यकाचा होऊन बसला. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर स्त्रियांच्या पाहणीत साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबलेला दिसला.

आणि गुण कसे देणार? डिंडोलीहून रोज सायकलने येणाऱ्या मुलाचा हात हँडलवर स्थिर असतो. त्याची पावले जवळपास पडतच नाहीत. मल्लखांब करणाऱ्या मुलीला पट्टा काढूनच ठेवावा लागतो. मधल्या सुट्टीत बाकावर बसून हात हलवणाऱ्याची मात्र हजार पावले होतील. ही युक्ती मुलांना मी सांगतो आहे असे नाही, त्यांना ती पहिल्याच दिवशी सापडेल. शिवाय आपल्या शाळेत मिल आणि लूम कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले आहेत. सवलतीचा पट्टाही त्यांच्या घरी सणाच्या खर्चातून निघेल.

अजून एक गोष्ट पालकांनी विचारात घ्यावी. २०१८ च्या जानेवारीत ‘स्ट्राव्हा’ या अॅपच्या नकाशावरून लष्करी तळांवरच्या वाटा जगाला दिसल्या, कारण सैनिक तिथे घड्याळ बांधून धावत होते. आपली मुलगी रोज किती वाजता कोणत्या गल्लीतून निघते हे कोणाला दिसावे, असे कोणत्या आई-वडिलांना वाटेल?

आता माझी बाजू. या खेळात आमच्याकडच्या मोठ्या माणसांची सर्वाधिक फजिती सायकलवर होत नाही, धावण्यातही नाही. ती पाण्यात होते. गोव्याच्या शर्यतीत १.९ किलोमीटर समुद्र ठरावीक वेळेत पार करावा लागतो, नाहीतर सायकलला हातही लावू देत नाहीत. पस्तिशी-चाळिशीत पाण्याची भीती काढताना दोन-दोन वर्षे गेलेली माणसे मी पाहतो आहे. तापीच्या काठावर वाढलेली माणसे ही! आमच्या आजोबांच्या पिढीला नदी ठाऊक होती. आम्हाला ती पुलावरून आणि २००६ च्या पुरात दिसली. आणि शर्यत सोडा, उन्हाळ्याच्या सुट्टीत कालव्यात, खाडीत नाहीतर डुमसच्या पाण्यात मुले बुडाल्याची बातमी येत नाही असे वर्ष जात नाही. त्या वेळी मनगटावरचा पट्टा काय कामाचा?

महानगरपालिकेचे तलाव शहरात आहेत. विश्वस्त मंडळाने पट्टेवाल्या दुकानदाराऐवजी तिथे अर्ज करावा, सकाळची एक वेळ शाळेसाठी मागावी आणि पट्ट्यासाठी पालक जे पैसे काढणार होते ते त्या फीला लावावेत. ज्यांना शक्य नाही त्यांचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिक्षिका हव्यात, नाहीतर निम्मा वर्ग काठावरच राहील. वेळ मोजायला क्रीडा शिक्षकांच्या गळ्यातले जुने स्टॉपवॉच पुरते. सभेला येताना प्रत्येक वर्गशिक्षकांनी आपल्या वर्गातल्या किती मुलांना पंचवीस मीटर पोहता येते तेवढी यादी आणावी.