महाग खेळाडू आणि स्वस्त पोरं

परवा मगरिबनंतर भाचा घरी आला. बावीस वर्षांचा आहे. देहूहून येलवाडीमार्गे म्हाळुंगेला बाईकवर जातो, ठेकेदाराकडे कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी आणि पहिली पाळी असली की संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळतो, डावा कोपरा. चहा पिता पिता त्याने मोबाइल पुढे केला. प्रो कबड्डीच्या लिलावाची जुनी क्लिप होती. "मामू, हे बघा. अडीच कोटीच्या वर घेतले आणि टीम तळाला. एवढे पैसे कशाला देतात यांना?"

क्लिप पवन सेहरावतची होती. २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. त्या हंगामात संघाने २२ पैकी २ सामने जिंकले आणि तो शेवटच्या क्रमांकावर राहिला. भाच्याचा राग चुकीचा नव्हता, पण तो चुकीच्या माणसावर निघत होता. ते त्याला समजावताना जे बोललो, तेच इथे लिहितो आहे.

आधी आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. सिद्धार्थ देसाई, चंदगड तालुक्यातला पोरगा. २०१८मध्ये यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि त्याने चढाईत २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या हंगामात त्याचे चढाईचे गुण होते २१७. म्हणजे काम तेवढंच आणि दाम जवळपास चौपट. पण आधीचा संघ बाद फेरीत गेला होता आणि हा अकराव्या क्रमांकावर राहिला. लोक लगेच म्हणाले, जास्त पैसे दिले. मला उलटं विचारावंसं वाटतं: दुसऱ्या वर्षी त्याला जास्त मिळाले, की पहिल्या वर्षी कमी?

याचं उत्तर खेळाडूत सापडत नाही, नियमात सापडतं. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा असते. २०२३मध्ये ती ५ कोटी होती. त्यातले २ कोटी ६० लाख एकाला दिले की उरतात साधारण २ कोटी ४० लाख. संघात किमान अठरा खेळाडू लागतात. म्हणजे उरलेल्या सतरा जणांनी एका माणसापेक्षा कमी रकमेत भागवायचं. मालकाचा खर्च ५ कोटींच्या वर जात नाही. एकाला दिलेला जास्तीचा रुपया मालकाच्या खिशातून येत नाही, शेजारी उभ्या राहणाऱ्या कोपऱ्याच्या पगारातून येतो. आणि चढाईपटू कितीही मोठा असला तरी समोरच्याची पकड त्या कोपऱ्यालाच करायची असते. टायटन्स तळाला का गेले, याचं बरंचसं कारण या हिशेबात आहे.

"मग पलटणने शादलूला घेतलं तेव्हा?" भाच्याने बरोबर विचारलं. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, आणि १ मार्च २०२४ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. मग महाग खेळाडू वाईट कसा?

वाईट नाहीच. पण पलटणला तो परवडला कसा, हेही बघा. त्या संघाचा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. आमच्या घरात हे नाव जरा जास्तच प्रेमाने घेतलं जातं. तो, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, ही सगळी नवोदित म्हणून घेतलेली आणि पुढे संघाने कायम ठेवलेली मुलं. अशा मुलांचा भाव लिलावात लागत नाही, तो नियमाने ठरतो. खुल्या लिलावात अस्लमवर बोली लागली असती तर काय झालं असतं, याची कल्पना कुणीही करावी. म्हणजे जिंकणाऱ्या संघातही महाग खेळाडूचा भार स्वस्त मुलांनीच उचलला होता. तिथे ती मुलं उत्तम निघाली, एवढाच फरक.

याच्याही आधी, २०२२मध्ये तमिळ थलायवाजने पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. तरी संघ उपांत्य फेरीत पोहोचला, कारण नरेंदर नावाच्या नवख्या पोराने २४३ गुणांच्या चढाया केल्या.

अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये हाच वाद दरवर्षी होतो. अमक्याला पाच वर्षांचा करार दिला, तमका त्या लायकीचा नाही. तिथेही १९८४-८५पासून सॅलरी कॅप आहे. पण तिथला नियम खेळाडूंच्या युनियनबरोबर बसून ठरतो. एका खेळाडूला किती द्यायचं यालाही मर्यादा आहे: किती वर्षं खेळला त्यानुसार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. आणि कॅपच्या किमान ९० टक्के रक्कम संघाने खर्च करायलाच हवी. उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंना जातो, त्यावरून कॅप ठरते. हे कुणी मेहरबानी म्हणून दिलेलं नाही. ऑस्कर रॉबर्टसन हा खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना १९७०मध्ये खेळाडू कोर्टात गेले, १९७६मध्ये तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसरा संघ निवडण्याची वाट उघडली. तिथेही चुकीचे करार होतात, नवोदितांचा पगार तिथेही नियमानेच ठरतो. पण अर्ध्याहून जास्त ताट एकाच्या पुढे जात नाही.

कुणी म्हणेल, लिलाव म्हणजे बाजार, बोली लागली तेवढी त्याची किंमत. पण जिथे एकूण खर्चाला झाकण आहे, एकाच्या बोलीला नाही आणि तरुण पोरांना बोलीच नाही, त्याला बाजार म्हणवत नाही. कुणी म्हणेल, प्रेक्षक स्टारसाठी येतात. मान्य आहे. मग स्टारचा खर्च प्रेक्षकांकडून आणि टीव्हीकडून मिळालेल्या पैशातून व्हावा, सहकाऱ्यांच्या वाट्यातून नको. २०२१मध्ये या लीगचे प्रसारण हक्क पाच वर्षांसाठी सुमारे ९०८ कोटींना गेले, म्हणजे वर्षाला १८० कोटींच्या वर. बारा संघांची वेतनमर्यादा मिळून ६० कोटी. लीगला बाकीचे खर्च असतात, हे धरूनही अंतर मोठं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. एका खेळाडूवर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खर्च नको. एकूण मर्यादा उत्पन्नाशी बांधा. नवोदित मुलाने एक हंगाम गाजवला की त्याला बोलीला उभं राहायचा हक्क द्या. आणि हे सगळं ठरवताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खेळाडूंची संघटना बसू द्या.

चाकण पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागू नये. एकाच लाइनवर, एकाच शिफ्टमध्ये, शेजारी शेजारी कायम आणि कंत्राटी उभे असतात. युनियनचा वेतनवाढ करार झाला की कंत्राटी पोरं कायम कामगाराकडे रागाने बघतात. भाचाही बघतो. त्याला मी तेव्हाही हेच सांगितलं होतं: त्याने तुझं काही घेतलेलं नाही, त्याचा करार झाला आणि तुझा कुणी केला नाही.

जाताना त्याने खरं कारण सांगितलं. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, जमलं तर नोकरी सोडायचा विचार आहे. मी म्हटलं, चाचणीला जरूर जा. पण मजुरी आधी ठरवावी आणि मग कामाला हात लावावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. निवड झाली तर कागद माग. किती मिळणार, कधी मिळणार आणि गुडघा गेला तर दवाखाना कोण करणार, हे लिहून घे. तोवर नोकरी सोडू नकोस.

आणि पवनला शिव्या देऊ नकोस. तुझा पगार त्याने ठरवलेला नाही.