रस्ता अडतो कोणामुळे?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर एखादी मालमोटार उलटली, की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तिचे छायाचित्र झळकते आणि त्याखाली वाहनांच्या लांबच लांब रांगेची वार्ता असते. वाचणारा मनाशी म्हणतो, एका मालमोटारीने केवढा हा अनर्थ केला! ही समजूत अर्धीच खरी आहे. मालमोटार रस्ता अडविते खरी. परंतु तो तासन् तास अडलेला राहतो, यात मागे थांबलेल्यांचा वाटाही लहान नसतो.

येथे थोडे गणित करावयास हवे. या मार्गावर जाण्यासाठी तीन व येण्यासाठी तीन मार्गिका आहेत. तीनपैकी एक बंद पडली, तर उरलेल्या दोहोंवरून दोन-तृतीयांश वाहने जावीत, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात जेमतेम निम्मी जातात. बंद मार्गिकेतील वाहने शेजारच्या मार्गिकेत शिरू पाहतात, तेथील चालकांना वेग आवरावा लागतो, आणि जो तो मान वळवून अपघाताकडे पाहत राहतो. मोडलेली गाडी पूर्णपणे कडेला घेतलेली असली, तरीही या बघ्यांपायी वाहतूक मंदावते. कुतूहल हा गुण खरा. पण तो गाडी हाकताना दाखविण्याचा नव्हे.

आता समजा, मोकळ्या रस्त्यावरून मिनिटाला १०० वाहने जाऊ शकतात आणि मागून ९० येत आहेत. अपघात होताच ५०च जाऊ लागली. म्हणजे दर मिनिटास ४० तुंबली. अर्ध्या तासाने क्रेनने मालमोटार बाजूस केली, तोवर १,२०० वाहने खोळंबली. रस्ता मोकळा झाला, पण मागून ९० येतच आहेत. म्हणून ही रांग मिनिटाला अवघ्या १० वाहनांनी घटणार. ती संपावयास आणखी दोन तास! क्रेनला एका मिनिटाचा विलंब झाला, की रांग सरावयास चार मिनिटे अधिक लागतात.

मग क्रेनला विलंब का होतो? मार्गाच्या कडेला एक पट्टी मोकळी ठेवलेली असते. बंद पडलेल्या गाडीने तेथे थांबावे आणि प्रसंगी रुग्णवाहिका, अग्निशामक बंब व क्रेन यांनी तेथून पुढे जावे, हा तिचा हेतू. रांग लागताच उतावीळ चालक नेमके त्याच पट्टीत घुसतात. पाच-पन्नास गाड्या पुढे सरकल्याचे समाधान त्यांस मिळते, आणि त्यांची सुटका करणारी क्रेन त्यांच्याच मागे अडकून पडते!

काही वेळा विलंब अटळ असतो, हे मान्य केले पाहिजे. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर पुलावर उलटून पेटला. जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडले आणि चार जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी आग पूर्ण विझेपर्यंत आणि रस्ता निर्धोक होईपर्यंत वाहने रोखून धरणे हाच शहाणपणा होय. तेथे घाई करा, असे म्हणणे अविचाराचे ठरेल. परंतु बंब तेथवर पोहोचण्यास जो वेळ लागतो, तो मात्र रांगेतील माणसांच्या हाती असतो.

जर्मनीत यासाठी एक नियम आहे. महामार्गावर वाहतूक मंदावू लागताच अगदी डावीकडच्या मार्गिकेतील गाड्या डाव्या कडेस सरकतात, इतर सर्व उजवीकडे, आणि मधोमध एक गल्ली तयार होते. तिच्यातून बंब व रुग्णवाहिका जातात. हा नियम मोडणाऱ्यास किमान २०० युरो दंड होतो आणि महिनाभर गाडी चालविण्यास बंदी येते. आपल्याकडेही २०१९च्या दुरुस्तीपासून रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण आपला चालक वाट देण्याचा विचार करतो तो भोंगा ऐकल्यावर. तोवर गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या असतात, आणि मनात असूनही कोणास हलता येत नाही. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. तेव्हा येथे उजव्या टोकाच्या मार्गिकेने उजवीकडे व इतरांनी डावीकडे सरकावे लागेल, तेही वेग मंदावू लागताच, भोंग्याची वाट न पाहता.