शीर्षकातला मॅसिडोनिया

वासाहतिक काळातील इंग्रज लेखकांच्या मराठी अभ्यासात एक सोयीची वाटणी रूढ झाली आहे. युद्धवार्ता आणि प्रवासवृत्ते साम्राज्याच्या खात्यात जमा करावयाची. गीते, उखाणे, सणवार यांचे संग्रह ज्ञानाच्या खात्यात. एडवर्ड सैदच्या १९७८ च्या ग्रंथानंतर पहिल्या खात्याची कसून तपासणी झाली. दुसरे बहुधा न उघडताच मंजूर होते. जॉर्ज फ्रेडरिक अ‍ॅबटसारख्या, दोन्ही खात्यांत नोंद असलेल्या लेखकापुढे ही वाटणी टिकत नाही.

मराठी अभ्यासकाची अ‍ॅबटशी गाठ पडलीच तर ती 'थ्रू इंडिया विथ द प्रिन्स' (१९०६) या पुस्तकात. १९०५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सने मुंबईत संग्रहालयाची कोनशिला बसवली, त्याच दौऱ्याचे हे वृत्त. साम्राज्याचा भाट हा शिक्का येथेच बसतो. पण १९११ मध्ये इटलीने त्रिपोलीवर स्वारी केली, तेव्हा हाच वार्ताहर तुर्क-अरबांच्या छावणीत राहिला आणि त्यांची बाजू मांडणारे 'द होली वॉर इन त्रिपोली' (१९१२) त्याने लिहिले. 'ग्रीस अँड द अ‍ॅलाइज' (१९२२) मध्ये तर महायुद्धकाळात दोस्तांनी ग्रीसवर जी जबरदस्ती केली तिच्यावर, म्हणजे स्वतःच्या देशाच्या धोरणावरही, त्याने कठोर टीका केली. या पुस्तकांत पक्षपात आहे. पण तो उघड आहे, वाचकाला त्याच्याशी भांडता येते.

भांडता येत नाही ते निरागस ठरलेल्या पुस्तकाशी. 'मॅसिडोनियन फोकलोअर' केंब्रिजहून १९०३ मध्ये निघाले. बारा महिन्यांचे विधी, जन्म-विवाह-मृत्यूचे संस्कार, दृष्ट आणि तिचे उतारे, पिशाचकथा, उखाणे, शिकंदराच्या आख्यायिका असा हा ऐवज आहे. ऑटोमन साम्राज्यातील ग्रीकभाषक मुलखाची लोकविद्या अभ्यासणे हा अ‍ॅबटचा जाहीर हेतू होता. प्रामाणिक मर्यादा. शीर्षकात मात्र ती गळून पडते आणि एका भाषेचे भांडार अख्ख्या प्रांताच्या नावावर चढते. त्या प्रांतात स्लाव्ह, तुर्क, व्लाख, अल्बानियन, ज्यू राहत होते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बल्गेरियन एक्झार्केटनंतर तेथे चर्च आणि शाळा कोणाच्या, यावरून गावोगाव चुरस होती. मूल कोणत्या भाषेत प्रार्थना म्हणते यावर गाव कोणाचे ते ठरे. पुस्तक निघाले त्याच वर्षी, २ ऑगस्टला, इलिंदेनचा उठाव झाला. १९१३ च्या बुखारेस्ट तहाने प्रांताचे तुकडे ग्रीस, सर्बिया व बल्गेरियाकडे गेले. अशा भूमीत गाणे टिपून घेणे ही शिरगणतीच होती. शिवाय प्रत्येक चालीरीतीला प्राचीन ग्रीक दाखला जोडण्याची अ‍ॅबटची हौस! अवशेषांचा सिद्धान्त केंब्रिजमध्ये विद्वत्ता होता. सेरेसच्या बाजारात तो सातबाराचा उतारा होता.

हे एकट्या इंग्रजाचे पाप नव्हे. मिलादिनोव्ह बंधूंनी १८६१ मध्ये झाग्रेबला छापलेल्या संग्रहातील बहुतेक गीते मॅसिडोनियातली, पण नाव 'बल्गेरियन लोकगीते'. त्या नावावरून सोफिया आणि स्कोपिये यांच्यात आजही वाद आहे. शब्द तेच, संग्राहक तेथलेच, भांडण मुखपृष्ठाचे. आणि 'मॅसिडोनिया' या नावावर ग्रीस व त्याचा १९९१ मध्ये स्वतंत्र झालेला शेजारी यांना करार करावयास २०१८ साल उजाडले.

तेव्हा लोकसाहित्याच्या संहितेत मिथक शोधा, कथाघटक मोजा, पण संग्रहाच्या नावाला हात लावू नका, हा विद्यापीठीय शिरस्ता शास्त्रीय नाही. तो केवळ भिडस्त आहे. मेरी फ्रियरचे 'ओल्ड डेक्कन डेज' (१८६८) याच रीतीने वाचले जाते. मुंबईच्या गव्हर्नरची ती कन्या. तिच्याकडूनही शीर्षकात 'दख्खन' आले. परंतु तिने एक गोष्ट केली, जी अ‍ॅबटने केली नाही: कथा सांगणाऱ्या अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयेचे आत्मकथन तिने कथांच्या आधी छापले. कालिकतहून गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेल्या लिंगायत घराण्यातली ही बाई. तिच्या कथा आजीकडून आलेल्या. ती पाने वाचणाऱ्याला शीर्षकावर शंका घेण्यासाठी दुसऱ्या पुस्तकाकडे जावे लागत नाही.