बाळंतिणीची शेगडी आणि बंद खोली

पौषात भिलाईला रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. नोकरीच्या निमित्तानं विदर्भातून येऊन इथेच स्थायिक झालेल्या मराठी घरांत अशा दिवसांत बाळंतीण असली, की माळ्यावरची शेगडी खाली येते. शेजारच्या छत्तीसगढी घरात हेच काम मातीची गोरसी करते; तिच्यात छेना म्हणजे गोवऱ्यांचे निखारे असतात. बाळंतिणीला शेक, बाळाला ओव्याची धुरी आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद. आजीचा हेतू मायेचाच असतो, पण घात होतो तो या बंद खोलीमुळे.

लाकूड, कोळसा किंवा गोवरी जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. धूर डोळ्यांना झोंबला तर माणूस उठून खिडकी तरी उघडतो. धूर सरलेले लालबुंद निखारे मात्र निर्धोक वाटतात आणि तेच जास्त फसवे. कोळशावर नाचणारी निळी ज्योत म्हणजे हाच वायू जळत असतो. ज्योत बसली, की तो न जळताच खोलीत साठू लागतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं त्याला धरून ठेवतं. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही.

भिलाईकरांना खरं तर हा वायू परका नाही. १९५९ साली इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या भट्टीतून निघणाऱ्या गॅसमध्ये तो भरपूर असतो. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पंपहाऊसमध्ये बिघाड होऊन गॅस पसरला आणि सहा जणांचे प्राण गेले. कारखान्यात निदान गॅस मोजायची यंत्रं तरी असतात. बाळंतिणीच्या खोलीत कोण मोजणार?

काश्मीर-हिमाचलात घरं लाकडाच्या बुखारीवर तापवतात, मग आपल्या शेगडीनंच काय बिघडतं, असं कुणी विचारेल. फरक नळीचा आहे. बुखारीचा धूर आणि वायू नळीवाटे छपराबाहेर जातात. नळी काजळीनं तुंबली, तर तीही जीवघेणी ठरते. आपल्या शेगडीला नळीच नसते.

शेक द्यायचाच असेल, तर शेगडी अंगणात पेटवावी, दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ शेकावं आणि निजण्यापूर्वी ती बाहेर न्यावी. निखाऱ्यांवर राख पसरून ती खाटेखाली ठेवणं तर अगदीच वाईट. खोलीत पाण्याचं भांडं ठेवल्यानं हा वायू शोषला जात नाही. धुरीही नकोच, कोवळ्या फुप्फुसांना कोणताच धूर मानवत नाही. बाळाला टोपडं, मोजे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण, एवढी ऊब पुष्कळ होते. बाळंतिणीची कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी आहेच.

डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, ग्लानी या तक्रारी बाळंतपणाच्या अशक्तपणावर ढकलल्या जातात. पण खोलीतल्या दोघी-तिघींना एकदमच तसं वाटलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर शेगडीवरच संशय घ्यावा. बाळाला सांगता येत नाही. ते दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं. अशा वेळी आधी दारं-खिडक्या सताड उघडावीत, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावं आणि लगेच इस्पितळ गाठावं. तिथे ‘खोलीत शेगडी होती’ हे न लपवता सांगावं, म्हणजे प्राणवायू लावायला उशीर होत नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नये. या वायूनं भारलेलं रक्तही त्याला प्राणवायूनं भरलेलं वाटतं आणि माणूस बेशुद्ध पडत असतानाही तो अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो.