बॉम्बे हायचे पाणी आणि ४० मिलिग्रॅमचा नियम

१/ फेब्रुवारी १९७४. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ला समुद्रतळाखाली तेल लागले. पुढच्याच महिन्यात देशात जलप्रदूषण प्रतिबंधाचा अधिनियम आला. हे दोन प्रसंग क्वचितच शेजारी मांडले जातात.

२/ तेलविहिरीतून नुसते तेल येत नाही. खडकात युगानुयुगे कोंडलेले खारे पाणीही वर येते. भूगर्भातला दाब टिकावा म्हणून खाली सोडलेले समुद्राचे पाणी त्यात मिसळते. तेल वेगळे काढले तरी त्याचा अंश पाण्यात उरतो. क्षेत्र म्हातारे होत गेले की तेल घटते, पाणी वाढते.

३/ १९७४ च्या अधिनियमात राज्य सरकार अधिसूचित करील तेवढाच समुद्र येत होता. बॉम्बे हायचे उत्पादन मे १९७६ मध्ये सुरू झाले. समुद्रात सोडायच्या पाण्यातील तेलाची मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत आली १९९६ साली: ९५ टक्के वेळा लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत, १०० च्या वर कधीच नाही. साधे पाणी मिसळून आकडा उतरवण्याची पळवाटही बंद केली. उशीर वीस वर्षांचा, पण नियम तसा विचारपूर्वक केलेला.

४/ तरीही त्यात मोठी फट आहे. तो तेलाचे प्रमाण मोजतो, एकूण तेल नाही. समजा, एक फलाट रोज १०,००० घनमीटर पाणी सोडतो. ४० मिलिग्रॅमने ४०० किलो तेल झाले. क्षेत्र जुने होऊन पाणी दुप्पट झाले, तर ८०० किलो. दप्तरी मात्र दोन्ही दिवशी नियम पाळलेलाच!

५/ ईशान्य अटलांटिकच्या ‘ऑस्पार’ करारातील देशांनी हे २००१ मध्येच ओळखले. मर्यादा ४० वरून ३० वर आणायचे ठरलेच. शिवाय समुद्रात जाणारे एकूण तेल २००० च्या तुलनेत २००६ पर्यंत १५ टक्क्यांनी घटवायचे ठरले. महत्त्वाचे आहे ते हे दुसरे कलम.

६/ समुद्र अफाट आहे, सारे विरून जाते, असे म्हटले जाते. तेल पातळ होते, हे खरे. पण पाण्यात विरघळलेली फिनॉलसारखी द्रव्ये तेलाच्या त्या एका आकड्यात नीट दिसतही नाहीत.

७/ आणि हा केवळ कोळीवाड्यांचा प्रश्न नव्हे. रनाळ्याच्या उत्तरेने वाहणारी तापी हजिऱ्यापाशी अरबी समुद्राला मिळते. वसई क्षेत्रातला नैसर्गिक वायू नळांतून त्याच हजिऱ्याला उतरतो. नंदुरबारला किनारा नसला, तरी त्या समुद्राशी नाते आहे. म्हणून प्रत्येक फलाटाने वर्षभरात किती पाणी सोडले आणि त्यातून एकूण किती किलो तेल गेले, हे दोन आकडे दरवर्षी जाहीर करणे सक्तीचे व्हावे; आणि १९९६ च्या नियमाला एकूण तेलाची मर्यादा जोडावी.