डाळ, बॉस आणि १९४६

कुलाबा म्हटलं की कॉजवेवर घासाघीस, गेटवेवर फोटो आणि खिसा परवानगी देत असेल तर लिओपोल्ड. कोपरगावहून मनमाडमार्गे आलेल्या आमच्या गँगचा वीकएन्ड प्लॅनही एवढाच होता. पण कूपरेजच्या बाजूला एका नौसैनिकाच्या पुतळ्यापाशी मामेभाऊ थबकला. ‘‘ताई, हा कोण गं?’’

कोण एक नाही रे, सुमारे वीस हजार जण! हे १९४६च्या नाविक उठावाचं स्मारक आहे. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपलेला तो उठाव.

या मुलांचं वय बघा. बहुतेक जण आपल्याहून लहान. दुसऱ्या महायुद्धात चांगल्या नोकरीच्या आशेने भरती झालेले. काम गोऱ्या खलाशांसारखंच, पगार आणि जेवण मात्र वेगळं. ‘तलवार’ हे कुलाब्यातलं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र. तिथला कमांडर किंग हिंदी पोरांना कुली, जंगली म्हणायचा. बावीस वर्षांचे बी. सी. दत्त यांना भिंतींवर ‘जय हिंद’, ‘भारत छोडो’ रंगवल्याबद्दल अटक झाली. १८ फेब्रुवारी १९४६ला मुलांनी ती भयंकर डाळ नाकारली. जेवण नाही तर काम नाही! आणि ही सगळी वायरलेसवाली पोरं, त्यामुळे बातमी वाऱ्यासारखी पसरली. ७८ जहाजं सामील झाली. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट, तिघांचे झेंडे एकत्र फडकले. हे वाचताना आज जरा गंमत वाटते, नाही?

गंमत पाच दिवसच टिकली. सरदार पटेलांनी शरण जा म्हटलं, २३ तारखेला मुलं शरण गेली. तोवर त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मुंबईत गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. परळमध्ये कमल दोंदे गेल्या. कारवाई होणार नाही असं पुढाऱ्यांनी सांगितलं होतं, तरी ४७६ जणांना नौदलातून काढलं. स्वातंत्र्यानंतर त्यांना ना भारताने परत घेतलं, ना पाकिस्तानने. मला राग येतो तो याचा. किंगचं सोडा, तो परका होता.

आमच्या कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे. हरलेल्या पेशव्याचासुद्धा पत्ता गावाला पाठ असतो. हरलेल्या कामगाराला पुतळा मिळाला तरी त्याच्यापुढून माणसं मोबाइलवर बोलत निघून जातात.

अमेरिकेत असंच एक प्रकरण आहे. १७ जुलै १९४४ला कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागो बंदरात दारूगोळा चढवताना स्फोट झाला. ३२० जण गेले, त्यातले जवळपास दोन तृतीयांश कृष्णवर्णीय खलाशी. धोक्याचं हे काम त्यांच्याच माथी असायचं. पुन्हा तेच काम करायला नकार देणाऱ्या पन्नास जणांना बंडाची शिक्षा झाली. आज तिथेही स्मारक आहे. नौदलाने ती शिक्षा रद्द केली १७ जुलै २०२४ला, म्हणजे बरोब्बर ऐंशी वर्षांनी.

आपल्याकडच्यांना सरकारने पुढे स्वातंत्र्यसैनिक मानलं, नौदलाने दोन टगबोटींना मदन सिंग आणि बी. सी. दत्त यांची नावं दिली. दत्त तोवर पत्रकारितेतून जाहिरातीच्या धंद्यात गेले होते. १९७१ला त्यांचं ‘म्युटिनी ऑफ द इनोसन्ट्स’ आलं. मामेभावाने नाव मोबाइलमध्ये टाइप करून घेतलंय, आणि कॉजवेच्या चपला राहून गेल्या म्हणून बाकीची गँग माझ्यावर भडकलीये.