कुरणाचा विळा दिवाळीपर्यंत का थांबतो?

माण-खटावच्या माळावर भाद्रपद-आश्विनात मारवेल, पवन्या फुलोऱ्यावर येतात. गवताला कस असतो तो तेव्हा. पण बऱ्याच गावांत कुरणाचा लिलाव निघतो दिवाळीच्या तोंडावर. विळा लागेपर्यंत गवताची काडी झालेली असते, प्रथिने निम्म्यावर आलेली. जनावराचे पोट भरते, दूध काही वाढत नाही.

कुसळीचे तर विचारूच नका. पिकलेली कुसळे गुरांच्या तोंडात रुततात, मेंढीच्या लोकरीतून कातड्यात शिरतात. तीच कुसळी कुसळे धरण्याआधी कापली तर चारा मिळतो आणि तिचे बीही पडत नाही.

दुसरी खोड बुडापासून खरडण्याची. पेंढीचे वजन वाढते खरे, पण नवा फुटवा येतो तो बुडातल्या डोळ्यांतूनच. चार-सहा इंच बूड राखलेच पाहिजे. गोल्फच्या मैदानावरचा जाणता माळीसुद्धा एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापत नाही. आणि त्याला तर ते गुरांपुढे टाकायचेही नसते!

लवकर कापणीला भीती परतीच्या पावसाची. भिजलेले गवत काळे पडते, बुरशी धरते. म्हणून उघडीप पाहून तुकड्यातुकड्याने कापावे. शिवाय दरवर्षी सगळेच फुलोऱ्यात कापले तर चांगल्या गवताचे बी पडायचे कुठून? मारवेल-पवन्याचा एक तुकडा आळीपाळीने बियांसाठी सोडावा. ठेकेदार आपणहून हे करणार नाही, त्याला वजन हवे. तेव्हा ग्रामपंचायतीने गणपती उठले की लिलाव काढावा आणि कापणीची मुदत, बुडाची उंची अटींतच लिहून घ्यावी.